एसटी न जाणारं गाव



सुट्टी संपून शाळा सुरू झाली, की पहिल्या दिवशी मी वर्गात एकच प्रश्न विचारते. "काय रे, सुट्टीत कुठे कुठे जाऊन आलात?" मग भराभर हात वर होतात. कुणी मामाच्या गावाला गेलेलं असतं, कुणी पंढरपूरला, कुणी महाबळेश्वरला. यंदा सगळ्यांचं सांगून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने मलाच गाठलं. "बाई, आणि तुम्ही?"

"मी ना, लंब्रिजला जाऊन आले," मी म्हटलं.

"ते कुठं आलं? तिथं एसटी जाते?"

आता आली का पंचाईत! लंब्रिजला एसटी जात नाही, रेल्वे जात नाही आणि विमानही जात नाही. भूगोलाच्या नकाशात ते शोधून सापडायचं नाही. तरीही तिथे नदी आहे, नदीवर पूल आहे, काठावर किल्ला आहे, आणि गेली वीस-पंचवीस वर्षं तिथे जगभरातून माणसं ये-जा करताहेत. मुलीचं समाधान करायला मला अख्खा तास लागला. म्हटलं, तुम्हालाही सांगावं. चला तर, निघू या!

सायबर कॅफेतली पहिली फेरी

लंब्रिज हे 'रूनस्केप' नावाच्या खेळातलं गाव. कॅरम खेळायला चार जणांना एका बोर्डाभोवती बसावं लागतं की नाही? या खेळाचा बोर्ड दूर कुठेतरी मोठ्या कॉम्प्युटरवर मांडलेला असतो, त्याला सर्व्हर म्हणतात. आपण आपल्या घरून इंटरनेटने त्या बोर्डापाशी जाऊन बसायचं. शेजारी बसलेला गडी ब्राझीलचा असेल, नाहीतर फिनलंडचा. तुम्ही झोपलात तरी बोर्ड मांडलेलाच राहतो आणि बाकीचे खेळत राहतात. म्हणूनच त्याला खेळ म्हणण्यापेक्षा गाव म्हणावंसं वाटतं.

हे गाव वसवलं इंग्लंडमधल्या अँड्र्यू गॉवर आणि पॉल गॉवर या भावांनी. २००१ सालच्या जानेवारीत त्यांनी ते लोकांसाठी उघडलं, तेव्हा सगळा कारभार नॉटिंगहॅममधल्या आई-वडिलांच्या घरातून चालायचा! पुढे केंब्रिजला जॅगेक्स ही कंपनी उभी राहिली आणि एकट्या लंब्रिजचं 'गिलिनॉर' नावाचं भलंमोठं जग झालं.

मी तिथे पहिल्यांदा गेले २००६ सालच्या मे महिन्यात. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल लागायचा होता. दादा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. कऱ्हाडला एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. आईने रद्दी विकून आलेले पैसे आम्हाला दिले, की आम्ही तिथे धूम ठोकायचो. दादा एका कॉम्प्युटरवर, मी शेजारच्या. त्या काळात आपल्याकडे भारनियमन जोरात होतं. ऐन रंगात आलं की पंखा बंद, दिवे बंद, पडदा काळा! कॅफेवाले काका म्हणायचे, "चला, उठा, उरलेली वीस मिनिटं उद्या." आम्ही उन्हात बाहेर उभे राहायचो आणि तिकडे लंब्रिजमध्ये आपल्या माणसाचं काय झालं असेल, याची काळजी करायचो.

चला, गाव बघू या

यंदाच्या मे महिन्यात दादाचा मुलगा चिन्मय माझ्याकडे राहायला आला. वय वर्षं तेरा. हा खेळ तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, म्हणून इतकी वर्षं मी त्याच्यासमोर विषयच काढला नव्हता. दादाची परवानगी घेतली, रोज फक्त अर्धा तास असं ठरवलं, आणि आत्या-भाचे प्रवासाला निघालो. तो मोबाइलवर, मी माझ्या जुन्या लॅपटॉपवर.

लंब्रिजचा किल्ला लम नदीच्या पश्चिम काठावर आहे. आत शिरलं की स्वयंपाकघर लागतं आणि तिथला आचारी कपाळाला हात लावून उभा असतो. मालकांचा म्हणजे ड्यूक होरॅशिओचा वाढदिवस आणि केकचं सामानच विसरलंय! त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं. नव्या माणसाला मिळणाऱ्या अगदी पहिल्या कामांपैकी हे एक.

चिन्मय म्हणाला, "एवढंच? दुकानातून आणतो."

"अरे, तसं नाही चालत इथे," मी म्हटलं.

पूल ओलांडून पलीकडे गेलो. तिथे कोंबड्यांचं खुराडं आहे, तिथून अंडं उचललं. शेजारच्या कुरणात गाय शोधून बादलीत दूध काढलं. पिठासाठी मात्र बरीच पायपीट. गावाच्या वायव्येला पवनचक्की आहे. आधी शेतातून गहू काढायचा, चक्कीच्या अगदी वरच्या मजल्यावर नेऊन घालायचा, कळ दाबायची, मग जिने उतरून तळाच्या पेटीतून पीठ भरून घ्यायचं. चिन्मय तीनदा गहू घेऊन वर गेला आणि तीनदा रिकामं भांडं घरीच विसरला. चौथ्यांदा पीठ मिळालं, तेव्हा तो असा ओरडला की शेजारच्या काकू बघायला आल्या.

लंब्रिजची आणखी एक गंमत सांगते. या जगात कुठेही तुमचा माणूस मेला, तर तो खरोखर मरत नाही. तो थेट लंब्रिजच्या अंगणात येऊन उभा राहतो. त्यामुळे कितीही दूर गेलेला, कितीही मोठा झालेला गडी कधी ना कधी या अंगणात परत येतोच. माहेरच म्हणा ना!

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेला व्हॅरॉक शहराकडे निघालो. वाटेत, शहराच्या दक्षिणेला दगडांचं एक वर्तुळ आहे. तिथे काळे जादूगार असतात. मी "डावीकडून, डावीकडून!" म्हणेपर्यंत चिन्मय सरळ आत गेला आणि पुढच्या क्षणी लंब्रिजच्या अंगणात! वीस वर्षांपूर्वी मीही त्याच वर्तुळात मेले होते, आणि दादाही.

व्हॅरॉकच्या चौकात आल्यावर मला माझी एक जुनी फजिती आठवली. २००६ साली याच चौकात एक जण ओरडत होता, "पैसे द्या, दुप्पट करून देतो!" मी आधी शंभर नाणी दिली, त्याने खरंच दोनशे परत केली. मग मी साठवलेली सगळी नाणी त्याच्या हवाली केली आणि तो पसार झाला. दादा इतका हसला, इतका हसला! मुलांनो, दामदुप्पट करून देणारा माणूस खेळातला असो की खऱ्या बाजारातला, त्याच्यापासून चार हात दूर राहायचं. आणि आपला पासवर्ड आई-बाबांखेरीज कुणालाही सांगायचा नाही, बरं का!

चिन्मयचा प्रश्न

तिसऱ्या दिवशी चिन्मयने मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाला, "आत्या, रागावू नकोस, पण तुझं गाव म्हातारं झालंय गं. झाडं बघ, खोक्यासारखी. माणसांची बोटंसुद्धा धड दिसत नाहीत. चालतात तर ठेचकाळत. एवढा पैसा कमावतात, तर हे सगळं पाडून नवं का बांधत नाहीत?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी लगेच उत्तर दिलं नाही. त्याला म्हटलं, "बाकावर बोटाने ठोके दे. एका मिनिटात बरोब्बर शंभर."

त्याने दिले. टक, टक, टक.

"हा या गावाचा ठोका. दर ०.६ सेकंदाला एक. तू कुठेही बोट लाव, झाड तोड, मासा पकड, पळ, सर्व्हर त्या ठोक्यावरच त्याची नोंद घेतो. म्हणून माणसं ठेचकाळल्यासारखी वाटतात. पण वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांच्या बोटांत तो ठोका बसलाय. लेझीम खेळणाऱ्याला हलगी जशी अंगात भिनलेली असते ना, तसा. पुढच्या ठोक्याला सरकायचं, त्याच्या पुढच्याला वार करायचा, असं मोजून ते मोठमोठ्या राक्षसांशी लढतात. उद्या कुणी नवं, गुळगुळीत गाव बांधलं आणि हा ठोकाच काढून टाकला, तर दिसायला लंब्रिज राहील, पण या लोकांना तिथे चालतासुद्धा येणार नाही."

"मग ठोका ठेवायचा आणि झाडं बदलायची!"

"बरोबर. पण कुठली गोष्ट ठेवायची आणि कुठली बदलायची, हे ठरवणार कोण?"

याच प्रश्नावर या गावात मोठं रामायण घडलेलं आहे. ते मी त्याला सांगितलं, तुम्हालाही सांगते.

गाव बदललं आणि परत आलं

२००१ सालच्या खेळात माणसं कागदी बाहुल्यांसारखी चपटी होती. २००४ च्या मार्चमध्ये गॉवर बंधूंनी सगळा खेळ नव्याने बांधून काढला. चपट्या बाहुल्यांच्या जागी अंगापिंडाने भरलेली माणसं आली. हीच बांधणी दादाने आणि मी पाहिली. मात्र जुना खेळही त्यांनी लगेच मोडला नाही. 'रूनस्केप क्लासिक' या नावाने तो एका बाजूला चालू ठेवला.

२००७ च्या डिसेंबरात गावात एक कडक नियम आला. काही भामटे खेळातली नाणी खऱ्या पैशांना विकत होते. त्यांना आळा घालायला कंपनीने देवाणघेवाणीवर बंधनं घातली. पण त्या बंधनांपायी मित्रालाही मोठी भेट देता येईना. उंदरासाठी सापळा लावला आणि मांजर अडकलं, अशी गत! नाराज होऊन बरेच जण गाव सोडून गेले. अखेर लोकांचं मत घेऊन २०११ च्या फेब्रुवारीत ती बंधनं उठवली.

पण खरा भूकंप झाला तो २०१२ च्या नोव्हेंबरात. कंपनीला वाटलं, आपली लढाईची पद्धत जुनाट झाली, बाजारात नवे नवे खेळ आलेत, आपणही बदलू या. मग लढाईचे नियम मुळापासून बदलले. पूर्वी शत्रूवर एकदा टिचकी मारली की माणूस आपला लढत राही. आता निरनिराळे डाव एकामागून एक वापरायची पद्धत आली. हेतू वाईट नव्हता. पण हजारो माणसं सकाळी उठून आली आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखी उभी राहिली. पुष्कळ जण निघून गेले.

आता पुढची गंमत ऐका. कंपनीकडे २००७ सालच्या ऑगस्टमधली संपूर्ण खेळाची एक प्रत शिल्लक होती. म्हणजे तो कडक नियम येण्याच्याही आधीचं गाव, जसंच्या तसं! २०१३ च्या फेब्रुवारीत कंपनीने लोकांनाच विचारलं, "हे जुनं गाव पुन्हा उघडायचं का?" एकूण ४,४९,३५१ मतं पडली. मतदान चालू असतानाच, २२ फेब्रुवारीला, जुनं गाव उघडलंसुद्धा. त्याचं नाव 'ओल्ड स्कूल रूनस्केप'. मी चिन्मयला नेलं ते याच गावात.

त्या दिवशी दादाने मला फोन केला होता. तो तेव्हा पुण्याला नोकरीला लागला होता आणि मी डी.एड. करून एका वाडीवरच्या शाळेत नवी नवी रुजू झाले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाला, "अगं, लंब्रिज परत आलंय!"

रविवारी मी तालुक्याला जाऊन कॉम्प्युटर गाठला. पूल तोच, चक्की तीच, आचारी तसाच कपाळाला हात लावून उभा. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या! मग मी पिशवी उघडली. रिकामी. बँकेत गेले. तिथेही काही नाही. जुनं गाव परत आलं होतं, पण सगळ्यांना पहिलीपासून सुरुवात करायची होती. दादाने आख्खी सुट्टी पोर्ट सारिमच्या धक्क्यावरून तीस नाणी भाडं देऊन बोटीने कारामजा बेटावर जाऊन शेवंडं पकडली होती. ती विकून निळसर चिलखत घेतलं होतं. ते गेलं. मी दादाला फोनवर म्हटलं, "मग काय उपयोग? आपलं तर काहीच नाही इथे."

दादा म्हणाला, "वाट तर माहीत आहे ना? चल, पुन्हा जाऊ."

दुसरं लंब्रिज

"मग तुमचं जुनं सामान गेलं कुठे?" चिन्मयने विचारलं.

ते आहे की! कारण बदललेलं गावही बंद पडलं नाही. २०१३ च्या जुलैपासून ते 'रूनस्केप ३' झालं आणि आजही चालू आहे. त्याच नावाने, त्याच पासवर्डने तिथे जाता येतं. चौथ्या दिवशी आम्ही तिकडे गेलो.

काय सांगू! पाणी खरोखरीचं वाटावं असं. किल्ल्याचे दगड, झाडांची पानं, माणसांची बोटं, सगळं कसं रेखीव. २०१३ साली इथे दोन देवांची मोठी लढाई झाली होती, त्यात किल्ल्याजवळ भलामोठा खड्डा पडला. म्हणजे या गावाला पुढचा इतिहास आहे, ते २००७ पाशी थांबलेलं नाही. आचारी इथेही आहे, पण त्याचा तोरा बघा. आता त्याला साधं अंडं चालत नाही, जंगी अंडं हवं, उत्तम प्रतीचं दूध हवं आणि अगदी बारीक पीठ हवं!

चिन्मय तर खूश झाला. "आत्या, मला हेच आवडलं."

मी बँकेत गेले. आणि मुलांनो, तिथे माझं सगळं सामान होतं! चकमकीची डबी, एक गंजकी वाटावी अशी कुऱ्हाड, आणि कॅफेत बसून जाळलेल्या अकरा कोळंब्या. वीस वर्षं कुणीतरी त्या जपून ठेवल्या होत्या. पण बाहेर येऊन मी दोनदा वाट चुकले. चिन्मयला विचारावं लागलं.

म्हणजे बघा. एका गावात वाटा माझ्या, पण पिशवी रिकामी. दुसऱ्या गावात पिशवी माझी, पण वाटा अनोळखी.

एक गाव असंही

चिन्मय वकील होणार बहुतेक. तो म्हणाला, "पण पाडून नवं बांधलेलं कुठलंच गाव चांगलं झालं नाही का?"

झालं ना. खोटं कशाला सांगू? जपानमध्ये स्क्वेअर एनिक्स या कंपनीने २०१० च्या सप्टेंबरात 'फायनल फँटसी १४' हा खेळ आणला. तो इतका फसला, की डिसेंबरात कंपनीच्या अध्यक्षांना लोकांची माफी मागावी लागली. नुसत्या शोभेच्या कुंड्या इतक्या बारकाईने काढलेल्या, की त्यांच्या ओझ्याने खेळ रखडायचा. आणि खेळताना मात्र मजा नाही. नाओकी योशिदा या गृहस्थांकडे कारभार आला. त्यांनी पाहिलं, की नुसत्या डागडुजीने हे उभं राहणार नाही. मग त्यांच्या मंडळींनी एका हाताने जुना खेळ सुधारत चालू ठेवला आणि दुसऱ्या हाताने नवा बांधायला घेतला.

जुना खेळ बंद कसा केला असेल? खेळातल्या आकाशात एक लाल चंद्र होता. तो हळूहळू मोठा दिसू लागला. खेळणारे रोज वर बघायचे. शेवटी ११ नोव्हेंबर २०१२ ला तो चंद्र जमिनीवर येता येता ते जग बंद झालं. २०१३ च्या ऑगस्टमध्ये नवं जग उघडलं, आणि ते आजही गजबजलेलं आहे. मुख्य म्हणजे जुन्या माणसांनी कमावलेल्या पायऱ्या त्यांना नव्या जगातही मिळाल्या. जमीन बदलली, पण लोकांची मेहनत कुणी पुसली नाही.

मेहनत म्हणजे किती, ठाऊक आहे? रूनस्केपमध्ये कुठल्याही कौशल्यात ९९ वी पायरी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. आता गणित घालते. निम्मी वाट कितव्या पायरीवर संपत असेल? पन्नासाव्या? चूक! ९२ व्या. तिथे ६५,१७,२५३ गुण होतात. म्हणजे शेवटच्या सात पायऱ्यांना आधीच्या सगळ्या पायऱ्यांइतकेच गुण! एवढी वाट चाललेल्या माणसाला "हे जुनं झालं, चल नव्याकडे" असं सहज म्हणता येतं का?

आणि काही गावं खरोखरच संपतात, तेही चिन्मयला सांगितलं. 'रूनस्केप क्लासिक', ते चपट्या बाहुल्यांचं पहिलं गाव, ६ ऑगस्ट २०१८ ला बंद झालं. त्याची यंत्रणा इतकी जुनी झाली होती, की कंपनीची नवी हत्यारं तिला लागू पडेनात. बिघाड दुरुस्त होईनात, लबाडी रोखता येईना. पण कंपनीने तीन महिने आधी सांगितलं. जुन्या रहिवाशांना निरोप घ्यायला वेळ मिळाला.

मग माझं उत्तर काय?

पाचव्या दिवशी मी चिन्मयला माझं उत्तर दिलं. म्हातारं गाव जोवर नांदतंय, तोवर ते पाडू नये. नवं बांधायचं तर शेजारी बांधावं. ज्याला आवडेल तो जाईल. आणि जुन्यात डागडुजी करायची, तर राहणाऱ्यांना विचारून करावी. ओल्ड स्कूलमध्ये हेच चालतं. बहुतेक नवी गोष्ट आधी मतदानाला टाकतात. सुरुवातीला शंभरातली पंचाहत्तर मतं लागायची, २०२२ पासून सत्तर लागतात. निम्म्याहून एक जास्त, एवढ्यावर भागत नाही! व्हॅरॉकला मोठी बाजारपेठ २०१५ साली आली, ती अशीच. २०२३ साली लोकांनी नौकानयन हे नवं कौशल्य निवडलं आणि २०२५ च्या नोव्हेंबरात लोक होड्या घेऊन समुद्रात उतरले. आज या जुन्या गावात नव्यापेक्षा जास्त वर्दळ आहे.

चिन्मय थोडा विचार करून म्हणाला, "पण आत्या, मत तर आधीपासून खेळणारेच देणार. माझ्यासारख्या नवीन मुलांना काय हवं, ते कोण विचारणार? जुनी माणसं कंटाळून गेली, की मग गाव ओस पडेल ना!"

मी गप्प बसले. खरं सांगू का, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दादाला फोन लावला, तोही "हं" म्हणून थांबला. फसलेलं गाव पाडायला योशिदांना धाडस लागलं आणि चांगलं चाललेलं गाव न पाडायलाही धाडस लागतं. दोन्हींत कोणते रहिवासी विचारायचे, हा प्रश्न उरतोच. मी चिन्मयला म्हटलं, "तुझं म्हणणं मला पटलं. तू आता तिथे राहायला लागलास ना? मग पुढच्या मतदानाच्या वेळी सगळं नीट वाच आणि काय हवं ते सांग."

रविवारी संध्याकाळी दादा पुण्याहून आला. म्हणजे लंब्रिजला आला हो! आम्ही तिघं पुलावर भेटलो. चिन्मयने आचाऱ्याचं काम पुरं केल्याची बातमी दिली. दादाने लाकडं तोडून नदीकाठी जाळ केला आणि आमच्यासाठी कोळंबी भाजायला घेतली. पहिली जळली. दुसरीही जळली. तिसरी जळाली तेव्हा चिन्मय म्हणाला, "बाबा, द्या इकडे!"

मित्रांनो, तुम्हीही एखादा खेळ वर्षानुवर्षं खेळला असाल. विटीदांडूचे तुमच्या गल्लीचे वेगळे नियम असतील, पत्त्यांच्या डावात आजोबांनी घातलेली एखादी अट असेल. त्यातलं काय बदलायचं आणि काय तसंच ठेवायचं, हे तुमच्या घरी एकदा सगळ्यांनी मिळून ठरवून बघा. आजोबांना विचारा आणि सगळ्यांत धाकट्या भावंडालाही विचारा. काय ठरलं, ते मला पत्राने नक्की कळवा.

तुमच्या,
बाई